शेक पाचच, मग बिल एवढं कशाचं?

यकृताच्या गाठीसाठी डॉक्टरांनी 'एसबीआरटी' (स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिओथेरपी) सुचवली की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. श्वासागणिक यकृत एक-दोन सेंटीमीटर वरखाली होतं. एरवी महिनाभर थोडे थोडे दिले जाणारे किरण इथे साधारण तीन ते पाच सिटिंगमध्ये जोरात द्यायचे असतात. नेम हुकला तर जठर-आतड्याला इजा होते. म्हणून बराच पैसा नेम धरण्यातच जातो. खासगीत एकूण बिल सहसा लाखापुढे जातं.

बिलात काय असतं?

• आधीचा कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या; प्लॅनिंगच्या चित्रावर ती बसवता येते.

• गरज असल्यास सोन्याचे मार्कर. तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक असे हे कण सुईने गाठीजवळ ठेवतात. आधी रक्त गोठण्याची तपासणी लागते.

• प्लॅनिंगचा (श्वासाबरोबरची हालचाल टिपणारा) फोर-डी सीटी. रुग्णाच्या अंगाच्या मापाची गादी करतात, पोटावर पट्टा बांधतात किंवा 'श्वास धरा' म्हणतात आणि कातडीवर खुणेचे ठिपके देतात. बहुधा तीन-चार तास उपाशी यायला सांगतात. चहा घेऊन गेलात तर फेरी वाया जाऊ शकते.

• प्रत्येक सिटिंगआधी मशीनवरचा कोन-बीम सीटी.

कुठे चौकशी कराल?

नागपुरात मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि वर्धा रोडवर जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट इथून सुरुवात करा. 'रेडिएशन आहे का?' एवढ्यावर थांबू नका. 'यकृताची एसबीआरटी करता का? श्वासाची हालचाल कशी सांभाळता?' हे विचारा.

पैशाची सोय

• महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत या योजनांत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. छिंदवाडा-बालाघाटहून येणाऱ्यांचं आयुष्मान कार्ड इथल्या संलग्न रुग्णालयातही चालतं. एसबीआरटी पॅकेजमध्ये बसते का, हे आरोग्यमित्राकडून आधी पक्कं करा.

• खासगी विमा असेल तर स्टिरिओटॅक्टिक उपचारावर वेगळी मर्यादा आहे का ते पाहा. भरती न होता घेतलेलं रेडिएशन डे-केअरमध्ये धरतात का, हेही लेखी विचारा.

• रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या.

सही करण्याआधी

एकरकमी पॅकेज लेखी मागा. मार्कर, कॉन्ट्रास्ट, फोर-डी सीटी आणि रोजचा कोन-बीम त्यात आहेत का, एकेकावर बोट ठेवून विचारा. सिटिंग बहुधा दिवसाआड असतात आणि प्लॅन तयार व्हायला काही दिवस जातात. गडचिरोली-गोंदियाहून येणाऱ्यांनी सीटी झाल्यावर गावी परतून पहिल्या सिटिंगच्या आदल्या दिवशी यावं. खोलीभाडं वाचतं आणि रुग्णाला चार दिवस घरचं जेवण मिळतं.