आउसबिल्डुंग अर्ध्यावर सोडण्याआधी

जर्मन भाषेची बी-वन परीक्षा झाली, व्हिसा आला, म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं जर्मनीला आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे कंपनीत आणि व्यवसायशाळेत मिळणाऱ्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी, मुलं पाठवणाऱ्या पालकांना वाटतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर जाण्याविषयीच सगळे विचारतात. तिथे टिकायचं कसं, हे फारसं कुणी विचारत नाही.

खुद्द जर्मनीत चारातला किमान एक प्रशिक्षण-करार मुदतीआधी मोडतो. त्यातली बरीच मुलं दुसरी कंपनी किंवा दुसरा व्यवसाय धरतात, हेही खरं. पण परक्या मुलाला असं बदलणं सोपं नसतं. कंपनीत फोरमन बोलीभाषेत भराभर बोलतो आणि व्यवसायशाळेत हातभर लांबीचे तांत्रिक शब्द फळ्यावर येतात. कामाच्या नोंदवहीत केलेलं काम लिहायचं असतं, तेही जर्मनमध्ये. पाना-स्क्रू ड्रायव्हर सफाईने चालवणारा मुलगा इथे अडखळतो. घरचे व्हिडिओ कॉलवर 'सगळं ठीक ना?' विचारतात आणि तो 'हो' म्हणतो. कर्ज काढून पाठवलेल्या मुलाने दुसरं काय म्हणावं?

अशा वेळी लागतो तो साहेब नसलेला, मास्तर नसलेला आणि आई-बापही नसलेला माणूस. बॉनच्या 'सीनियर एक्सपर्टन सर्व्हिस' या संस्थेने २००८ च्या अखेरीस 'वेरा' नावाने हेच काम सुरू केलं. निवृत्त, अनुभवी माणसं मानधनाशिवाय एकेका प्रशिक्षणार्थीला साथ देतात. साधारण आठवड्यातून एकदा भेट होते. कधी परीक्षेची तयारी, कधी भाषा, तर कधी वरिष्ठांशी झालेला बेबनाव कसा मिटवायचा यावर बोलणं. मुलाला एक पैसाही पडत नाही आणि बोलणं बाहेर जात नाही. आपल्याकडे अडचण आली की आधी क्लास शोधतात. वेरा म्हणजे क्लास नव्हे, आणि माझ्या मते म्हणूनच ती उपयोगी पडते.

मदत मागायची ती लवकर. सुरुवातीच्या एक ते चार महिन्यांच्या परिवीक्षाकाळात दोन्ही बाजू पूर्वसूचनेशिवाय करार मोडू शकतात. मुलाचा दोष नसताना प्रशिक्षण तुटलं, तर नवी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. रागाच्या भरात राजीनामा देणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. अंतिम परीक्षेत अपयश आलं तर ती आणखी दोनदा देता येते, तेव्हा एका नापासाने घरी परतायची गरज नाही.

पालकांनी वेराला परस्पर ईमेल पाठवू नयेत. सोबती हवा की नको, हे मुलानेच ठरवायचं. अर्जात 'सगळंच अवघड जातंय' असं मोघम न लिहिता नेमकं सांगावं: व्यवसायशाळेतलं गणित समजतं पण प्रश्न वाचता येत नाही, किंवा पाळीच्या वेळांवरून वरिष्ठांशी खटके उडतात. त्यावरून योग्य माणूस जोडून देणं सोपं जातं.