मैदानालगतची खोली

हॉकीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो. म्हणजे प्रत्यक्ष खेळाचा काळ अवघा एक तास. या तासाभरात दोन्ही संघांच्या मिळून 22 खेळाडूंच्या हातांत वाकड्या टोकाच्या काठ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये सुमारे 160 ग्रॅम वजनाचा, दगडासारखा टणक चेंडू धावत असतो. अशा खेळात नियम कडक असावेत हे उघडच आहे. कोणी धोका होईल अशी काठी उगारली की पंचाची शिट्टी वाजते. कोणी आडदांडपणा केला की पंच खिशातून रंगीत पत्ता काढतो. हिरवा पत्ता दिसला तर खेळाडूने दोन मिनिटे बाहेर बसावे, पिवळा दिसला तर निदान पाच मिनिटे. आणि लाल पत्ता दिसला की त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. मैदानावरील न्याय असा तत्काळ असतो.

परंतु हे 22 खेळाडू काही आकाशातून मैदानावर उतरत नाहीत. सामन्यापूर्वी ते कोठेतरी कपडे बदलतात, नडग्यांवर पॅड बांधतात, काठ्या तपासतात. सामना संपल्यावर ते तेथेच परत येतात, घामाने भिजलेले सदरे काढतात, पाणी पितात आणि मोकळ्या तोंडाने बोलू लागतात. मोठ्या क्रीडांगणांवर याकरिता खास खोली असते. आपल्याकडे तिला ड्रेसिंग रूम म्हणतात, अमेरिकेत लॉकर रूम म्हणतात. सोलापुरातील एखाद्या शाळेत ती खोली म्हणजे व्यायामशाळेचा एक कोपरा असेल, वर्गापुढचा व्हरांडा असेल, किंवा नुसती कडुनिंबाची सावली असेल, जिच्याखाली दप्तरांचा ढीग पडलेला आहे. जागा कशीही असो, तिचा एक विशेष सर्वत्र सारखाच आढळतो. तेथे पंच नसतो.

खिलाडूवृत्ती म्हणजे काय, असा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही चटकन उत्तर लिहाल: विजयाने हुरळून जाऊ नये, पराजयाने खचून जाऊ नये, पंचाचा निर्णय मानावा, प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करावे. उत्तर बरोबर आहे. तथापि या साऱ्या गोष्टी हजारो डोळ्यांदेखत करावयाच्या असतात. प्रेक्षक पाहत असताना सभ्य राहणे फारसे कठीण नाही. खेळाडूची खरी पारख त्या लगतच्या खोलीत होते, असे माझे अनेक वर्षांच्या शाळेतील अनुभवावरून मत झाले आहे.

हॉकीचे नाव निघाले की ध्यानचंद आठवतात. 29 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी त्यांनी केलेल्या गोलांच्या कथा शाळाशाळांतून सांगितल्या जातात. 1933 सालची एक हकीकत त्यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्या वेळी ते पंजाब रेजिमेंटकडून खेळत असत. सॅपर्स अँड मायनर्स या संघाशी सामना चालू असता, ध्यानचंदांकडून चेंडू काही केल्या हिसकावता येईना, म्हणून एका प्रतिस्पर्ध्याने संतापून त्यांच्या डोक्यातच काठी हाणली. त्यांना मैदानाबाहेर नेण्यात आले. थोड्या वेळाने डोक्याला पट्टी बांधून ते परतले, आणि त्या खेळाडूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की, काळजी करू नकोस, या माराची भरपाई मी अवश्य करीन. तो बिचारा उरलेला सारा वेळ काठी केव्हा बसते या धास्तीत राहिला. ध्यानचंदांनी एकामागून एक सहा गोल केले. सामना संपल्यावर त्यांनी त्याला समजावले की, खेळात इतके रागावू नये. तू मला मारले नसतेस तर कदाचित दोनच गोलांनी तुमचा संघ हरला असता.

ही गोष्ट आपण वाचतो तेव्हा सहा गोलांकडे आपले लक्ष वेधते. मला मात्र त्यामधील पट्टी बांधण्याची वेळ अधिक महत्त्वाची वाटते. डोके फुटलेला खेळाडू बाहेर गेला असता त्याच्या संघातील गडी काय बोलले असतील? ‘त्याला दाखवतोच आता,’ असे कोणाच्या ओठांवर आले नसेल काय? रागाने पेटलेला संघ मैदानावर परतला असता तर एक डोके फुटले त्याची चार झाली असती. जखमी माणूस शांत राहिला, म्हणून इतरांनाही शांत राहावे लागले.

आणखी तीन वर्षांनी, 1936 साली, ध्यानचंद भारतीय संघाचे कप्तान म्हणून बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे 17 जुलै रोजी झालेल्या सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला 4-1 असे हरविले. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून आलेल्या संघाला हा मोठाच धक्का होता. पुढे अंतिम सामन्यात गाठ पडली ती पुन्हा जर्मनीशीच. सामना 14 ऑगस्टला व्हावयाचा होता. पावसामुळे तो 15 ऑगस्टवर गेला. त्या दिवशी खेळाडूंच्या खोलीत सारे खिन्न बसले होते. तेव्हा संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा ध्वज बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला आदराने वंदन केले, प्रार्थना केली आणि ते मैदानाकडे निघाले.

त्या काळी हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य होते, आणि ऑलिंपिकमध्ये आपला संघ इंग्रजी सत्तेच्या ध्वजाखालीच उतरे. त्या खोलीत हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते. अँग्लो-इंडियन खेळाडूही होते. एरवी त्यांची राजकीय मते एकसारखी असतील असे समजण्याचे कारण नाही. तरीही त्या दाराआड ते एक झाले. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. सामना संपला तेव्हा गुणफलकावर 8-1 असे आकडे होते. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला, हा केवळ योगायोग; पण मुलांना तो सांगितला की त्यांचे डोळे चमकतात.

आता याच्या अगदी उलट चित्र पाहा. त्यासाठी बर्लिनला जावयास नको. ते आपल्या पुण्यातलेच आहे, आणि खेळ हॉकीऐवजी क्रिकेटचा आहे. पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 चा, चर्मकार समाजातील. लहान वयातच त्यांनी क्रिकेटच्या मैदानावर नोकरी धरली. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा, जाळी लावावी, आणि साहेबांना फलंदाजीचा सराव व्हावा म्हणून त्यांना चेंडू टाकावेत, असे त्यांचे काम. डाव्या हाताने फिरकी टाकण्यात ते इतके तरबेज झाले की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांच्यावाचून जिंकणे अवघड वाटू लागले. मोठ्या चर्चेनंतर त्यांना संघात घेण्यात आले.

मैदानावर सारे ठीक होते. बाळूंनी हातात घेतलेला चेंडू इतरही हातात घेत. त्यांच्या चेंडूवर उडालेले झेल टिपत. परंतु चहाची सुटी झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत. बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर उभे राहून साध्या मातीच्या, एकदा वापरून टाकून देण्याच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट वेगळे आणि टेबलही वेगळे. ज्याने सकाळभर संघासाठी बळी मिळविले, त्याला दुपारी संघाच्या खोलीत जागा नव्हती! खेळाच्या नियमांचा भंग मात्र कोठेच झालेला नव्हता. पंचाने कोणत्या कलमाखाली शिट्टी वाजवावी?

बाळूंचे कर्तृत्व या अपमानाने थांबले नाही. 1906 मध्ये मुंबईस हिंदू संघाने युरोपियन संघाचा 109 धावांनी पराभव केला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हळूहळू पॅव्हेलियनचे दार त्यांना उघडले गेले. कप्तानपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळाला, आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. एका पेल्यापासून कप्तानपदापर्यंतचे अंतर तोडावयास दोन भावांची मिळून पंचवीस-तीस वर्षे खर्ची पडली, हे हिशेब मांडून पाहण्यासारखे आहे.

तुम्ही म्हणाल, हा तर जुना काळ झाला. आता कोणी कोणाला मातीच्या भांड्यात चहा देत नाही. खरे आहे. तरी सोलापूरच्या शाळेतील एखाद्या संघाकडे नीट लक्ष द्या. आपले गाव गिरण्यांचे आणि मागांचे. जुन्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण त्यांच्यासाठी निरनिराळ्या मुलखांतून आलेली कुटुंबे येथेच राहिली. म्हणून अकरा मुलांच्या संघात घरी मराठी बोलणारा असतो, तेलुगू बोलणारा असतो, कन्नड बोलणारा असतो आणि उर्दू बोलणाराही असतो. चेंडू मागताना चारही भाषा मैदानावर सुखाने नांदतात. खोलीत आल्यावर मात्र कोणाच्या तरी उच्चारांची नक्कल सुरू होते. कोणाच्या डब्याला वास येतो अशी कुजबुज होते. वडील मागावर काम करतात म्हणून एखाद्याला टोपणनाव पडते, आणि ते सबंध वर्ष त्याला चिकटून राहते. नवीन आलेल्या लहान मुलाने थोरांच्या काठ्या वाहाव्यात, बाटल्या भरून आणाव्यात, हा तर जणू नियमच होऊन बसतो. कोणी त्याचा सदरा लपवितो, सारे हसतात, तोही हसतो, कारण न हसल्यास आणखी छळ होईल हे त्याला कळलेले असते. असल्या हसण्याला आनंद समजणाऱ्या माणसाने मुलांचे चेहरे कधी वाचलेच नाहीत, असे मी म्हणेन.

अमेरिकेत आणि कॅनडात बर्फावरची हॉकी फार लोकप्रिय आहे. तेथे संघातील नवख्या मुलाला ‘दीक्षा’ देण्याच्या नावाखाली खोलीत असे प्रकार घडले की प्रकरणे पोलिसांपर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेली. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी त्याविरुद्ध कायदे केले. आपल्या महाराष्ट्रानेही 1999 मध्ये रॅगिंगला बंदी करणारा कायदा केला. आता तर प्रत्येक घरात छायाचित्र काढणारा फोन आहे. कपडे बदलणाऱ्या सोबत्याचे चित्र काढणे व ते इतरांना पाठविणे हा थट्टेचा विषय मुळीच नव्हे, तो गुन्हा आहे. खोलीत फोन बाहेरच काढू नये, हा नियम संघाने आपण होऊन करावा. शिक्षकांनी करण्याची वाट पाहू नये.

खोलीत मतभेद होऊच नयेत असे मात्र कोणी समजू नये. याबाबत आपल्या गावाशी नाते असलेल्या एका थोर खेळाडूची हकीकत सांगण्यासारखी आहे. पॉली उम्रीगर यांचा जन्म 28 मार्च 1926 रोजी सोलापूरचा. कसोटी सामन्यात द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. 1955 मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 223 धावा केल्या. 1959 च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रासच्या कसोटी सामन्यात ते कप्तान होणार होते. पण संघात कोणाला घ्यावे यावरून त्यांचे आणि क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांचे पटेना. आपल्या पसंतीवाचून निवडलेल्या संघाचे नेतृत्व करणे त्यांना रुचले नाही, आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी कप्तानपदाचा राजीनामा दिला. त्यांचे चुकले की मंडळाचे, यावर वाद घालणारे आजही भेटतील. माझ्या दृष्टीने दुसऱ्या दिवशीची सकाळ मोलाची. विनू मंकड यांना कप्तान नेमण्यात आले, आणि उम्रीगर त्यांच्या हाताखाली साधे खेळाडू म्हणून मैदानावर आले. कप्तानपद सोडले, संघ सोडला नाही.

शाळेच्या हॉकीत हा प्रसंग निराळ्या वेषात येतो. संघ हरतो, तेव्हा दोष बहुधा गोलरक्षकाच्या माथी मारला जातो. पुढच्या फळीने दहा संधी दवडल्या त्या कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. त्याच्या पायांमधून गेलेला एक चेंडू सर्वांना आठवतो. सामन्यानंतर तो खोलीच्या कोपऱ्यात बसून एकेक पट्टा सोडीत असतो. त्याचे साहित्य सर्वांत जड. शिरस्त्राण, छातीचे कवच, पायांची मोठी पॅडे, आणि सोलापूरच्या एप्रिलमधील ऊन. इतरांचे आवरून झाले तरी त्याचे आवरत नाही. अशा वेळी बाकीचे निघून जातात की थांबतात, हे मी नेहमी दुरून पाहत असे. काही संघांत कोणी तरी न बोलता पुढे होई, मागचा पट्टा सोडवून देई, पॅडांची पिशवी खांद्यावर घेई. चेंडूचा विषयही निघत नसे. त्या संघांचे कप्तान मला एका सवयीवरून ओळखता येत. ते सर्वांच्या शेवटी बाहेर पडत, आणि दाराला कडी घालण्यापूर्वी एकवार आत वळून पाहत: कोणाची काठी राहिली का, नळ चालू राहिला का, आणि कोणी अजून बसून तर नाही ना.