खोकू नका, ‘हाऽऽ’ करा

प्रश्न : माझ्या वडिलांना वीस वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला. आता रोज सकाळी छाती कफाने भरते, खोकून खोकून ते थकून जातात. डॉक्टरांनी ब्राँकिएक्टॅसिस सांगितलाय. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणतात, जोर लावून खोकू नका, ‘हाऽऽ’ करा. पण कफ खोकल्यानेच पडतो ना? आणि आम्ही पाठीवर थापट्या मारल्या तर चालेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : खोकल्याने कफ पडतो, पण तो घशाजवळच्या मोठ्या नळ्यांत येऊन ठेपलेला. खोल, बारीक नळ्यांत चिकटलेल्या बेडक्यापर्यंत खोकल्याचा जोर पोचत नाही.

निरोगी छातीत हा कफ वर आणायचं काम सूक्ष्म केस करतात. श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तरावरचे हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि कफाचा पातळ थर घशाकडे सरकवत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. टीबीने नळ्यांची भिंत खराब होते, नळ्या सैल आणि रुंद होतात (हाच ब्राँकिएक्टॅसिस), केस झडतात. मग कफ साचतो, त्यात जंतू वाढतात आणि भिंत आणखी बिघडते.

खोकताना आधी घसा बंद होतो, छातीत दाब चढतो आणि मग स्फोट होतो. सैल नळ्या त्या दाबाखाली मिटतात आणि कफ मागेच अडकतो. ‘हाऽऽ’ करताना घसा उघडा असतो. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर तोंडाने वाफ सोडतो, अगदी तसंच, फक्त पोट थोडं आत घेऊन. मध्यम श्वास घेऊन लांब ‘हाऽऽ’ केला की खोलवरचा कफ सरकतो. तो वर आला की मोठा श्वास घेऊन आखूड ‘हाऽऽ’. शेवटी एखादा खोकला पुरतो.

पण त्याआधीची पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. तीन-चार खोल श्वास घ्यायचे आणि प्रत्येक श्वास तीन सेकंद धरायचा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं. दुसरं पाडून हवा आत गेली की धार लागते. फुप्फुसातल्या शेजारच्या वायुकोशांना एकमेकांत बारीक वाटा असतात. श्वास धरला की हवा त्या वाटांनी बेडक्याच्या मागे जाते आणि त्याला पुढे ढकलते. मधेमधे शांत श्वास हवाच, नाहीतर धाप लागते. ‘हाऽऽ’ची ही पद्धत १९६८ साली न्यूझीलंडमध्ये मांडली गेली आणि लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात तिला आजचं रूप मिळालं.

आता थापट्या. हात पशासारखा पोकळ ठेवून, कपड्यावरून, बरगड्यांवर हलके मारायचं. कणा, मूत्रपिंडाची जागा आणि पोट सोडून. पण बहुतेकांना श्वासाच्या व्यायामाने तेवढंच काम होतं, आणि ते वडील स्वतः करू शकतात, कुणाची वाट न बघता. हाडं ठिसूळ असतील तर थापट्या नकोतच.

कफ काढताना बसायची-झोपायची स्थिती फुप्फुसाच्या कुठल्या भागात कफ आहे यावर ठरते. टीबी बहुधा वरचा भाग धरतो, आणि तो भाग ताठ बसूनच रिकामा होतो. त्यासाठी डोकं खाली करून लोंबकळायची गरज नाही. छातीचा सीटी स्कॅन असेल तर ताईंना दाखवा, त्या नेमकं सांगतील. जेवणानंतर लगेच यातलं काहीही करू नका.

आणि थुंकीत रक्त दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. टीबी उलटू शकतो. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, ती करून घ्या.