प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

प्रश्न : मी सावरगावचा, पांढुर्ण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. वजन ५५ किलो. जिममधले मित्र म्हणतात, पावडरीशिवाय अंगात ताकद येत नाही. डबा तर वरण-भाकरीचाच असतो. काय करू?

उत्तर : डबा बदलू नका, वाढवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे तुम्हाला सुमारे ४६ ग्रॅम. नियमित वजने उचलत असाल तर थोडी जास्त. ती घरातच मिळतात. सोयाबीन वडी ५० ग्रॅम शिजवली की जवळपास २५ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाण्यांतून ६-७ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम. उरलेली भर वरण, भाकर आणि दूध-दही घालते.

आणि संत्री! पांढुर्णा-सौंसरच्या बागांतले हे फळ जेवणासोबत खा. त्यातले क जीवनसत्त्व डाळ-भाजीतले लोह शरीरात शोषायला मदत करते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्या.

याच संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळायला सांगितले आहे. दीर्घकाळ, जास्त प्रमाणात घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवूच नका.

जिमची फी जड जाते? आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चाला आणि दोन दिवस जोर-बैठका काढा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे.