दत्तगुरूंनी शिकवलेला प्राणायाम
॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपण गुरुचरित्राचा सप्ताह करतो, गुरुवार पाळतो. पण प्राणायाम शिकवणारे दत्तगुरू आपल्यापैकी थोड्यांच्याच परिचयाचे असतात. 'दत्तात्रेययोगशास्त्र' हा हठयोगावरच्या जुन्या ग्रंथांपैकी एक. सांकृती मुनी विचारतात आणि दत्तात्रेय सांगतात, असा तो संवाद आहे. तरुण, म्हातारा किंवा आजारी, कोणीही सावकाश अभ्यास करील तर त्याला फळ मिळते, नुसते वाचून मिळत नाही, असे त्यात सांगितले आहे. साठी उलटलेल्या माझ्यासारख्याला यातून मोठा धीर आला.

नाशिककरांना हा विषय परका नाही. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला, अशी परंपरा आहे. पुढे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हाच योगमार्ग मराठीत आला.

ग्रंथातली कृती सोपी आहे. डाव्या नाकपुडीने श्वास घ्यायचा, झेपेल तेवढाच धरायचा, उजवीने हळूहळू सोडायचा. मग उजवीने घेऊन डावीने सोडायचा. असे तीन महिने केले की नाडीशुद्धी होते. अंग हलके वाटणे, भूक चांगली लागणे, कांती येणे, ही तिची लक्षणे.

आता मनावर परिणाम कसा होतो ते पाहू. प्राणायामाने भरपूर जादा प्राणवायू मिळतो, असा पुष्कळांचा समज असतो. पण निरोगी माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण आधीच शेकडा ९५ च्या वर असते. मुख्य लाभ आहे तो संथ लयीचा. मनगटावर बोट ठेवून बघा. श्वास घेताना नाडी जरा जलद होते, सोडताना मंदावते. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहा-सातवर आले आणि सोडणे लांबले, की शरीराला विसावा मिळतो आणि मनही निवते. या गोष्टी यंत्रांनी तपासून पाहण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले.

माझ्यापुरते सांगतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर पहाटे तीनलाच जाग यायची आणि नको ते विचार सुरू व्हायचे. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे हा अभ्यास चालू आहे. जाग अजूनही येते, पण विचारांचा पसारा होत नाही. नामाला बसलो की जप लवकर लागतो. दिवसभराचा थकवाही कमी झाला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकाने 'आता प्राणायाम करतो' म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या आणि दवाखान्यात दाखल व्हावे लागले. प्राणायाम औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल त्यांनी श्वास कोंडू नये, नुसते घेणे-सोडणे करावे. काचबिंदू, हर्निया असेल तर भस्त्रिका, कपालभाती अशा जोराच्या क्रिया टाळाव्यात. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. चक्कर आली, धाप लागली, तर तिथेच थांबावे. पहिले धडे जाणत्यासमोर बसून घेतलेले बरे. दत्तसंप्रदायात गुरूचे महत्त्व का, ते इथे कळते.

दत्तजयंतीची मार्गशीर्ष पौर्णिमा ते होळीची फाल्गुन पौर्णिमा, बरोबर तीन महिने होतात. ग्रंथाने सांगितलेला काळही तेवढाच. यंदा जयंतीला पाळणा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. होळीपर्यंत एकही दिवस चुकवू नये.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥