गरज गेली, लय राहिली

लोणावळ्याजवळच्या मळवलीत राहून चित्रं काढतोय त्याला २१ वर्षं झाली. लघुचित्रांची शिस्त आणि अमूर्ताची मोकळीक, दोन्ही मला एकाच कॅनव्हासवर हवी होती. त्यापायी बराच काळ आडवाटेने गेलो. आता रंग हातात घेणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून हाती लागलं ते सांगतो.

१. आधी हात बसू द्या.
नक्कल करायला लाजू नका. मी दोन वर्षं बसोली शैलीतल्या लघुचित्रांच्या नकला केल्या. रंगाचा थर वाळला की कागद पालथा घालायचा आणि मागच्या बाजूने अकीकाच्या दगडाने घोटायचा. मनगट भरून येतं, पण रंग कागदात मुरतो आणि त्याला आतून झळाळी येते. जे. जे. स्कूलमध्ये जगन्नाथ अहिवासी भारतीय शैलीचा वर्ग घेत. त्याच शाळेतून १९४८ मध्ये पदविका घेतलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या कामात जैन आणि बसोली लघुचित्रांचा ठसा स्पष्ट दिसतो. पुढे त्यांच्या चित्रातून माणसं गेली, वस्तू गेल्या, पण रंगाची ती जाण शेवटपर्यंत टिकली. शिकलेलं असेल तरच सोडता येतं.

२. चिन्हं उसनी घेऊ नका.
माझ्या पहिल्या प्रदर्शनात चित्राचित्रात बिंदू, त्रिकोण आणि श्रीयंत्रं होती. एका ज्येष्ठ चित्रकारांनी सगळी भिंत पाहिली आणि एकच विचारलं, "हा बिंदू इथे नसता तर चित्राचं काय बिघडलं असतं?" मला उत्तर देता आलं नाही. चित्रकार प्रभाकर बरवे साठच्या दशकात विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत बनारसला होते. तिथे तंत्रकला त्यांनी जवळून पाहिली आणि सुरुवातीच्या चित्रांत तिची चिन्हंही आली. पण पुढे त्यांनी घड्याळ, पान अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात मांडल्या, आणि त्या वस्तूंकडे पाहताना मन तंत्रचित्रासमोर ठरावं तसंच एका जागी ठरतं. चिन्हं मागे पडली, एकाग्रता राहिली. परंपरेकडून घ्यायचं ते हे.

३. गरज संपल्यावर काय उरतं, ते पाहा.
मळवलीजवळच्या भाजे लेण्यातल्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलण्यासाठी खांब असे तिरपे लावत. इथे खांब आणि छत एकाच कातळातून कोरलेले, रेटा कुठून येणार? तरीही इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातल्या कारागिरांनी तो कल ठेवला. समोरच्या डोंगरात कार्ल्याला जा. तिथे दगडी छताला सागवानी फासळ्या बसवल्या आहेत. छताचा भार त्यांच्यावर नाही, त्या नसत्या तरी छत उभंच राहिलं असतं. पण दारात उभं राहिलं की त्याच फासळ्या नजरेला एका ठेक्यात स्तूपापर्यंत नेतात. गरज गेली, लय राहिली. अमूर्त चित्र म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा या दोन लेण्यांनी जास्त समजावलं.

४. माप शिवारात शोधा.
शेजारच्या मावशींच्या खाचरात चारसूत्री पद्धतीने भातलावणी होते. दोरीवर २५ आणि १५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा असतात. खुणेवर रोपांचा चूड लावत गेलं की चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध खताची गोळी चिखलात खोचतात. एका आषाढात मीही लावणीला उतरलो. "दोरी सोडून लावू नको रं, ओळ मोडंल," मावशी म्हणाल्या. मोठं अंतर, छोटं अंतर, पुन्हा मोठं, आणि मधे न दिसणारा एक ठिपका. प्रदर्शनात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला गुडघाभर चिखलात मिळालं. इथला बिंदू काढला असता तर पीकच उपाशी राहिलं असतं. त्या वर्षीपासून माझ्या कॅनव्हासवरच्या आडव्या रेषांमध्ये हेच माप आहे.

५. पावसाशी भांडू नका.
मावळातल्या पावसाळ्यात तैलरंग लवकर वाळत नाही. वरचा थर कोरडा वाटतो, आतला ओलाच असतो. घाईने त्यावर पुढचा थर दिलेली माझी दोन मोठी चित्रं पुढे तडकली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी आली, ती वेगळीच. आता जून ते सप्टेंबर मी कागदावर जलरंगात काम करतो आणि कॅनव्हास भिंतीपासून वीतभर लांब ठेवतो. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण करत. बाकीचा वेळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. थांबणं हाही कामाचाच भाग आहे.

६. भिंतीसाठी रंगवू नका.
लोणावळ्यात बंगले पुष्कळ, भिंती मोठ्या. "याच रंगात अजून तीन करून द्या," अशी मागणी येते. पैशांची गरज होती म्हणून एकदा दिली. तिसऱ्या चित्रात माझा हात होता, मी नव्हतो. तेव्हापासून विकायचं ते काढून झालेलं चित्र, काढायच्या चित्राचं वचन कुणाला देत नाही.

शेवटी एक विनंती. सुट्टीची गर्दी टाळून एखाद्या सकाळी पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. भाज्याच्या पायऱ्या चढा. वही लगेच उघडू नका, मोबाइलही काढू नका. अर्धा तास त्या कललेल्या खांबांसमोर नुसतं बसा. मग एकच रेघ काढा.