दुनळी रायफलीच्या नळ्या समांतर का नसतात?

मोठ्या शिकारीच्या दुनळी रायफलीच्या नळ्या समांतर दिसतात. पण त्या तोंडाकडे किंचित जवळ आणलेल्या असतात. असे का?

लंडनच्या जॉन रिग्बी यांनी १८९८ साली आणलेल्या .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतुसाची गोळी ३१ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. तिचा संवेग ०.०३१ × ६५५, म्हणजे सुमारे २०. रायफल ५ किलोग्रॅमची धरली, तर ती सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येईल. दारूच्या वायूंचा धक्का निराळाच.

टेबलावरील पट्टीला मध्यापासून दूर टिचकी मारा. पट्टी सरकते आणि फिरतेही. तसेच येथे घडते. उजवी नळी गुरुत्वमध्याच्या उजवीकडे असते. म्हणून ती झाडताच रायफलीचे तोंड उजवीकडे वळू लागते, तेही गोळी नळीत असतानाच! डाव्या नळीचे याउलट. हे वळणे भरून काढण्यासाठी नळ्या आत कलत्या ठेवतात. कारागीर गोळ्या झाडून पाहतो, तोंडाजवळचा डाख वितळवून पाचर सरकवतो व पुन्हा झाडून पाहतो.

हा मेळ मात्र ठरावीक काडतुसापुरताच. गोळी मंद असेल तर ती नळीत अधिक वेळ राहते, तोंड अधिक वळते आणि गोळ्या फाकतात. वेग वाढला, तर त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात. उष्ण हवेत कॉर्डाइट दारूचा दाब वाढे. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसे निघत. अंगावर येणाऱ्या हत्तीपुढे दुसरी गोळी हाच अखेरचा आधार. तेथे चुकीचे काडतूस म्हणजे जिवाशी गाठ!